पोटॅशच्या पोत्यातले इलेक्ट्रॉन

सावद्याजवळ माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. केळीच्या पट्ट्यातलं दुकान म्हटलं की वर्षभर पोटॅशचा उठाव असतो. घड भरायचा, फळाला वजन यायचं तर केळीला पोटॅश लागतंच. एका संध्याकाळी शेजारच्या गावच्या आबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाऊ, केळीत किरणोत्सार असतो म्हणे. खरं आहे का? मग आपला माल कोण घेईल?" आबांची सगळी बाग कापणीला आलेली होती आणि प्रश्न काळजीचा होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पोटॅशचा भाव, पोत्यावरची टक्केवारी, ठिबकमधून किती सोडायचं, हे मी झोपेतही सांगेन. पोटॅशियमच्या अणूच्या पोटात काय चालतं, हे मात्र मला कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि आबांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

जळगावला भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्याकडे गेलो. सरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की मोबाईलवरची गोष्ट खरी आहे. पोटॅशियमचे निसर्गात तीन प्रकार सापडतात, त्यांना समस्थानिकं म्हणतात. रासायनिकदृष्ट्या तिन्ही सारखेच, फक्त अणुकेंद्रातल्या न्यूट्रॉनची संख्या वेगळी. पोटॅशियम-३९ आणि पोटॅशियम-४१ स्थिर आहेत. पोटॅशियम-४० अस्थिर. त्याचं प्रमाण फक्त ०.०११७ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ हजार अणूंमागे एक. पोटॅशियममध्ये किरणोत्सार आहे हे नॉर्मन कॅम्पबेल यांनी केंब्रिजमध्ये १९०६-०७ च्या सुमारास ओळखलं होतं. माझ्या गोदामात पोटॅशची थप्पी लागलेली असते, आणि ही गोष्ट जगाला शंभराहून अधिक वर्षं माहीत होती.

सरांकडे एक गायगर काउंटर होता. तो मला वापरायला देत म्हणाले, "आधी काही मोजू नका. नुसता चालू ठेवा." यंत्राचा जीव म्हणजे करंगळीएवढी एक बंद नळी. आत कमी दाबाचा वायू, बहुतेक निऑन, थोडा आर्गॉन आणि ब्रोमिन. नळीच्या मधोमध एक बारीक तार. तार आणि नळीची भिंत यांच्यात सुमारे चारशे व्होल्टचा दाब. बाहेरून एखादा विद्युतभारित कण आत घुसला की तो वायूच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवतो. ते तारेकडे धावतात, धावताना आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि क्षणात एक मोठा विद्युतझटका तयार होतो. तोच आपल्याला 'टक्' असा ऐकू येतो. हान्स गायगर यांनी रुदरफोर्ड यांच्याबरोबर १९०८ मध्ये असं पहिलं यंत्र केलं, आणि १९२८ मध्ये वॉल्टर म्युलर यांच्यासह त्याला आजचं रूप दिलं. मी यंत्र रिकाम्या टेबलावर ठेवलं. जवळ ना केळी, ना पोटॅश. तरीही टक्, टक् चालूच.

हे कुठून येतं, हा माझा पहिला खरा प्रश्न. काही जमिनीतून, काही विटांतून, हवेतल्या रेडॉनमधून, आणि काही थेट आभाळातून. अवकाशातून आलेले वेगवान प्रोटॉन पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्या टकरीतून निघालेल्या कणांपासून म्युऑन जन्मतात. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण सुमारे दोनशे पट जड. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. म्हणजे आपल्या उघड्या तळहातावरून मिनिटभरात पाऊणशे-शंभर तरी आरपार जातात. युरोपातल्या सर्नच्या भल्यामोठ्या शोधकयंत्रांमधूनही हेच म्युऑन जातात, आणि यंत्र जुळवायला त्यांचा उपयोग होतो, असं सरांनी सांगितलं. तळहात पुढे करून मी बराच वेळ पाहत राहिलो. काहीच जाणवत नाही.

मोजणी सुरू केली तेव्हा पहिल्या मिनिटाला २२ आले, पुढच्याला ३१, मग १९. यंत्र बिघडलंय असंच मला वाटलं. दुकानात वजनकाटा असा वागला असता तर मी तो त्याच दिवशी दुरुस्तीला टाकला असता. सर म्हणाले, यंत्र ठीक आहे. अणुकेंद्र कधी फुटेल याचं वेळापत्रक नसतं, फक्त शक्यता असते. म्हणून जितके ठोके मोजाल त्याच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता धरायची. २५ मोजले तर ५ इकडे-तिकडे. शंभर मिनिटं मोजून २५०० आले तर ५० इकडे-तिकडे, म्हणजे मिनिटाला २५, अधिक-उणे अर्धा. चौपट वेळ मोजलं की अनिश्चितता निम्म्यावर येते. मोठमोठे प्रयोग वर्षानुवर्षं का चालतात, याचा उलगडा मला या साध्या गुणाकारातून झाला. सगळ्यात आधी पार्श्वभूमी, म्हणजे काहीही न ठेवता येणारी मोजणी, चिकाटीने घ्यायची. मी ती रात्रभर घेतली.

मग केळी ठेवली. बागेतून ताजी आणलेली चांगली जाड फळं नळीला चिकटवून मांडली. आवाज वाढेल म्हणून कान देऊन बसलो. आकडा पार्श्वभूमीच्या बाहेर जाईना. हिशेब मांडल्यावर कारण कळलं. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणुकेंद्रं फुटतात. म्हणजे अख्ख्या केळ्यात सेकंदाला बारा-तेरा. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन गरातच पाच-सहा मिलिमीटरच्या आत थांबतात. नळीपर्यंत पोचणारे इतके थोडे की ते पार्श्वभूमीत बुडून जातात. आबांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. आपल्या शरीरातच दर सेकंदाला पोटॅशियमची चार हजारांवर अणुकेंद्रं फुटत असतात. शरीर पोटॅशियमची पातळी नेमकी राखतं, जास्तीचं बाहेर टाकतं, त्यामुळे केळी खाऊन आतला किरणोत्सार साठत नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बटाट्यात, डाळीत नसतो का?" असतो. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. नाव मात्र केळीचं निघालं.

खरी गोष्ट गोदामात होती. म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोत्यावर ६० टक्के पालाश लिहिलेलं असतं, त्यात निव्वळ पोटॅशियम वजनाच्या निम्मं भरतं. पन्नास किलोच्या एका पोत्यात पंचवीस किलो पोटॅशियम, म्हणजे सेकंदाला साडेसात लाखांहून जास्त अणुकेंद्रं फुटणार. मूठभर पांढरं पोटॅश पातळ पिशवीत भरून नळीभोवती गुंडाळलं. या वेळी थांबावंच लागलं नाही. मोजणी दुपटीच्या आसपास गेली आणि तिथेच राहिली. केळीच्या वाळल्या खोडाची राख करून तीही ठेवली, तिनेही आकडा वर नेला. जमिनीतलं पोटॅश मुळांतून खोडात आणि खोडातून राखेत आलेलं मी या यंत्राने पाहिलं. तेवढ्यात मोठा भाऊ गोदामात डोकावला. "काय करू राहिला रे तू?" मी म्हटलं, ऐक. तो पोत्यांच्या थप्पीकडे बघत उभा राहिला, आणि मग हळूच विचारलं, "इतके दिवस हे असंच चालू होतं?" साडेचारशे कोटी वर्षांपासून चालू आहे.

सरांनी पुढचं पाऊल सुचवलं. पिशवी आणि नळी यांच्यामध्ये स्टीलची ताटली धरायची. ताटली घालताच मोजणी जवळजवळ पार्श्वभूमीवर उतरली. याचा अर्थ, नळीत शिरत होते ते मुख्यतः इलेक्ट्रॉन. पोटॅशियम-४० मधल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या, अतिशय हलक्या कणाचा प्रतिकण) बाहेर फेकले जातात आणि मागे कॅल्शियम-४० उरतं. शंभरांतली जवळपास ८९ अणुकेंद्रं याच वाटेने जातात. उरलेली दुसऱ्या वाटेने, स्वतःभोवतीचाच एक इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन-४० होतात. आणि तसं होताना बहुधा १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण सोडतात. गॅमा ताटलीतून सहज जातो, पण माझ्या नळीतूनही तसाच निघून जातो, शंभरात एखादाच पकडला जातो. नळीला जे दिसतं तेवढंच घडतं असं नाही, हे पुढच्या प्रत्येक गोष्टीत मला उपयोगी पडलं.

पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. एवढा काळ कोणी मोजला, असं मी विचारलं. सरांनी कागदावर दोन आकडे लिहिले. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० चे अणू किती? १८ वर सतरा शून्यं. सेकंदाला फुटतात किती? ३१. भागाकार केला की प्रत्येक अणूची सेकंदाला फुटण्याची शक्यता मिळते आणि त्यातून अर्धायुष्य. वाट पाहावी लागत नाही. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची, म्हणजे सुरुवातीच्या पोटॅशियम-४० चा साधारण बारावा हिस्सा आज उरला आहे, आणि त्यातला काही माझ्या पोत्यांत आहे. हा भागाकार मी स्वतः कॅल्क्युलेटरवर केला. उत्तर बरोबर आलं तेव्हाचा आनंद दुकानाचा ताळेबंद जुळल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

आता यंत्राचं काम संपलं होतं आणि माझं डोकं अडलं होतं. पोटॅशियम-४२ नावाचं भावंड सुमारे साडेबारा तासांत निम्मं होतं. मग हे ४० च का एवढं चिवट? इथून सिद्धांताचा प्रदेश सुरू झाला, आणि इथे मला सरांच्या घरी पुन्हा पुन्हा जावं लागलं. प्रत्येक अणुकेंद्राला एक फिरकी असते, तिला ठरावीकच किमती घेता येतात. पोटॅशियम-४० ची फिरकी ४, कॅल्शियम-४० ची ०. फिरकी नाहीशी होत नाही, त्यामुळे हा चारचा फरक बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो यांनी उचलून न्यायचा. दोघांची स्वतःची फिरकी मिळून जास्तीत जास्त १. उरलेले ३ त्यांनी आपल्या गतीतून न्यायचे, आणि इतक्या कमी ऊर्जेत, इतक्या लहान केंद्रातून निघताना ते जवळजवळ अशक्य. एन्रिको फर्मी यांनी १९३३-३४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात अशा संक्रमणांना 'निषिद्ध' म्हणतात. निषिद्ध म्हणजे बंद नव्हे, अतिशय विरळ. पोटॅशियम-४२ ला फिरकीचा फरक फक्त दोनचा, शिवाय खर्चायला ऊर्जाही बरीच जास्त.

मग पोटॅशियम-४० ची फिरकी ४ का? सरांनी कवच-प्रतिमान काढलं. मारिया गेप्पर्ट मेयर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये ते स्वतंत्रपणे मांडलं, त्यासाठी दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं. घडावर जशा फण्या एकावर एक असतात आणि एक भरली की पुढची सुरू होते, तशी प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची आपापली कवचं भरत जातात. २, ८, २०, २८, ५०, ८२ या आकड्यांवर कवच पूर्ण भरतं आणि केंद्र विशेष घट्ट होतं. कॅल्शियम-४० मध्ये २० प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, दोन्ही पूर्ण. पोटॅशियम-४० मध्ये १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन. म्हणजे प्रोटॉनच्या बाजूला एक जागा रिकामी आणि न्यूट्रॉनच्या बाजूला पुढच्या कवचात एकटा एक. ही रिकामी जागा आणि तो एकटा न्यूट्रॉन यांच्या जुळणीतून फिरकी २, ३, ४ किंवा ५ होऊ शकते. चारांपैकी सर्वांत कमी ऊर्जेची कोणती, हे प्रतिमानाला सांगता आलं पाहिजे.

इथे सरांनी एक नाव घेतलं आणि माझे कान टवकारले. सुधीर पंड्या, आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पुढे संचालक झालेले. १९५६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये त्यांनी एक संबंध सिद्ध केला. क्लोरिन-३८ मध्ये १७ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन असतात, म्हणजे प्रोटॉनच्या कवचातल्या शेवटच्या, चार जागांच्या पातळीत एकच प्रोटॉन, आणि न्यूट्रॉन तोच एकटा. पोटॅशियम-४० मध्ये त्याच पातळीत तीन प्रोटॉन आणि एक जागा रिकामी. पंड्यांचं सूत्र म्हणतं, एका केंद्राच्या पातळ्यांच्या ऊर्जा माहीत असतील तर दुसऱ्याच्या काढता येतात. क्लोरिन-३८ मध्ये सर्वांत खाली फिरकी २, मग ५, मग ३, आणि सर्वांत वर ४. सरांनी कोष्टकातले गुणक वाचून दाखवले, मी गुणाकार-बेरजा करत गेलो. गुणक कुठून येतात ते मला अजून कळलेलं नाही. पण बेरजेअखेर क्रम जवळजवळ उलटा झाला. पोटॅशियममध्ये सर्वांत खाली ४, मग ३, २ आणि ५. प्रयोगशाळेत मोजलेला क्रमही हाच. योगायोग असा की माझ्या पोत्यात पोटॅशियम आणि क्लोरिन दोन्ही आहेत, अर्थात पोत्यातलं क्लोरिन स्थिर जातीचं. ४ च्या जागी २ खाली बसलं असतं तर हे पोटॅशियम पृथ्वीच्या बालपणीच संपलं असतं.

याच काळात धुळ्याला नातेवाइकांकडे जाणं झालं. यंत्र सोबत होतं. धुळे-नंदुरबार भागात काळ्या दगडाच्या सरळसोट भिंतीसारख्या टेकड्या उभ्या आहेत. जुन्या भेगांतून वर चढलेला लाव्हा तिथेच थिजला, भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. दगडावर नळी टेकवली. काहीच फरक नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम ग्रॅनाइटच्या मानाने फारच कमी. पण याच थोड्या पोटॅशियममुळे या दगडांचं वय कळतं. थिजलेल्या खनिजात पोटॅशियम-४० पासून आर्गॉन-४० साठत जातं, आणि ते अणू मोजले की काळ निघतो. मुंबईच्या आयआयटीत यासाठी खास प्रयोगशाळा आहे. आधी दगडाचे तुकडे अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात. त्यामुळे पोटॅशियम-३९ चा काही भाग आर्गॉन-३९ होतो, आणि मग एकाच दगडातले दोन आर्गॉन तोलून पाहतात. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हे अशा मोजणीतून ठरलं. परतताना जळगावच्या एमआयडीसीत स्टीलच्या रेलिंगचं काम करणाऱ्या मित्राकडे थांबलो. त्याच्याकडे वेल्डिंगसाठी आर्गॉनची टाकी असते. हवेत ०.९३ टक्के आर्गॉन आहे आणि जवळपास सगळं आर्गॉन-४०, खडकांतल्या पोटॅशियमपासून झालेलं. कार्ल फॉन वायत्सेकर यांनी १९३७ मध्ये हे ताडलं होतं. मित्र म्हणाला, "म्हणजे मी रोज जुनं पोटॅशच जाळतो." जळत नाही, ते निष्क्रिय आहे, म्हणूनच तर वेल्डिंगला चालतं. पण त्याच्या बोलण्यातला गाभा बरोबर होता. अमेरिकेत साउथ डाकोटाच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, न्यूट्रिनो पकडण्यासाठी ड्यून नावाचा प्रयोग उभा राहतोय. त्याच्या टाक्यांत हजारो टन द्रवरूप आर्गॉन भरायचं आहे.

सरांच्या ओळखीने एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोडियम आयोडाइडचा स्फटिक बघायला मिळाला. हा शोधक नुसता ठोका देत नाही, ऊर्जाही सांगतो. पडद्यावर १.४६ च्या जागी एक उंचवटा दिसला, आणि तो मी पोटॅशची पिशवी पुढे ठेवण्याआधीच होता. भिंतींतलं पोटॅशियम. इटलीच्या डोंगराखाली अदृश्य द्रव्य (डार्क मॅटर) शोधणाऱ्या डामा प्रयोगातही असेच स्फटिक वापरले, आणि त्यांत अत्यल्प प्रमाणात राहिलेलं पोटॅशियमसुद्धा नेमक्या त्या कमी ऊर्जेच्या पट्ट्यात ठोके देतं जिथे अदृश्य द्रव्याची खूण शोधायची असते. यात एक दुवा कित्येक दशकं मोजलेलाच नव्हता. पोटॅशियम-४० गॅमा न सोडता थेट आर्गॉनच्या तळपातळीवर किती वेळा जातं? तिथेही फिरकीचा फरक चारचाच. अमेरिकेतल्या केडीके प्रयोगाने २०२३ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं, साधारण हजारात एकदा. त्याने दगडांच्या वयाच्या हिशेबालाही धक्का लागतो आणि अदृश्य द्रव्याच्या हिशेबालाही.

न्यूट्रिनोवर मी अजून अडलेलो आहे. पोत्यातून निघालेला प्रत्येक इलेक्ट्रॉन बरोबर एक प्रतिन्यूट्रिनो पाठवतो, आणि पृथ्वीच्या पोटातलं पोटॅशियमही ते पाठवत असतं. जपानच्या कामलँड प्रयोगाने २००५ मध्ये जमिनीतून येणाऱ्या अशा प्रतिन्यूट्रिनोंची पहिली खूण दाखवली, पण ते युरेनियम-थोरियमचे. तिथली पकडण्याची प्रक्रिया १.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली चालतच नाही, आणि पोटॅशियमच्या प्रतिन्यूट्रिनोची ऊर्जा १.३१ च्या वर जात नाही. त्यामुळे पृथ्वीच्या आतल्या उष्णतेत पोटॅशियमचा वाटा किती, हे थेट मोजलेलं नाही. मी सरांना विचारलं, मग दुसरी युक्ती? इलेक्ट्रॉनला लागणारा धक्का मोजता येतो, इटलीच्या बोरेक्सिनोने सूर्याचे कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो तसेच मोजले. पण त्या पद्धतीत सूर्याचे न्यूट्रिनो इतके जास्त असतात की पोटॅशियमचे त्यांत हरवतात, म्हणून कोण वरून आला आणि कोण खालून, हे सांगणारा शोधक हवा. तसा पुरेसा मोठा शोधक अजून कोणी बांधलेला नाही.